ढग आले की फोन जातात

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचं हे प्रकरण आहे. मागे कारखान्याचं शॉप, पुढे एकमजली ऑफिस आणि ऑफिसात १२ आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्याच नेटवर्कवर चालणारे फोन. त्यांच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस नीट लागला आणि तेव्हापासून अकाउंट्स आणि डिस्पॅचकडचे चार फोन अधूनमधून बंद पडायला लागले. कधी एकच जायचा, कधी चारही. कधी दोन-तीन मिनिटांत परत यायचा आणि लगेच पुन्हा जायचा, तर कधी तासभर मेल्यासारखा पडून असायचा. मग कोणी हातही न लावता आपोआप सुरू व्हायचा.

नुसता फोन गेला असता तर लोकांनी मोबाईलवर भागवून नेलं असतं. पण अशा ऑफिसात टेबलापर्यंत एकच केबल आलेली असते. भिंतीतून ती फोनला जाते आणि फोनच्या मागच्या दुसऱ्या सॉकेटमधून कॉम्प्युटरला. फोन बंद पडला की त्याच्यामागचा कॉम्प्युटरही नेटवर्कवरून सुटतो. अकाउंट्समधल्या काकांचं टॅलीत भरलेलं व्हाउचर अर्ध्यात अडकायचं, डिस्पॅचचं ई-वे बिल निघेना आणि बाहेर गाडी लोड होऊन उभी. त्यामुळे तक्रार जोरात आली आणि ती बरोबरच होती.

पहिल्या दिवशी रिसेप्शनवरच्या ताई जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो. "सर, आभाळ भरून आलं की फोन जातात बघा. पाऊस पडायच्या आधीच जातात."

मी त्यातला 'पाऊस' तेवढा ऐकला. 'पडायच्या आधीच' हे शब्द माझ्या कानावरून गेले आणि पुढचे नऊ दिवस आम्ही भलत्याच गोष्टींच्या मागे लागलो. सुरुवात मी आणि इलेक्ट्रिशियनने पाण्यापासून केली.

चुकीच्या वाटा

पाण्याचा संशय अगदीच निराधार नव्हता. अकाउंट्सकडे जाणाऱ्या केबल बाहेरच्या भिंतीवरच्या पट्टीतून जातात. ती पट्टी उघडली तर आत ओल होती. इलेक्ट्रिशियनने त्यातली सगळ्यात खराब दिसणारी केबल बदलली आणि पट्टीचे सांधे सिलिकॉनने बंद केले. त्यानंतर तीन दिवस एकही तक्रार आली नाही. ते तीन दिवस पावसाने उघडीप दिली होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. चौथ्या दिवशी दुपारी ढग आले आणि फोन गेले.

मग मी नेटवर्ककडे वळलो. मला फोन येऊन मी तिथे पोचेपर्यंत अर्धा तास तरी जायचा, आणि तोवर बंद पडलेला फोन बहुतेक वेळा सुरू होण्याच्या वाटेवर असायचा. त्याच्या स्क्रीनवर पत्ता मिळवत असल्याचा संदेश दिसायचा. हे दोनदा पाहिल्यावर मी धरून चाललो की दुखणं डीएचसीपीत, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेत आहे. फोनला व्हॉइस व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा फोनसाठी राखलेला वेगळा भाग, मिळत नसावं, किंवा कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून नेटवर्कला लावला असावा आणि तो भलतेच पत्ते वाटत असावा. ऑफिसांमध्ये ही दुसरी गोष्ट सर्रास होते, म्हणून तिचा संशय घेणं योग्यच आहे. तपासलं. पत्त्यांचा साठा भरपूर शिल्लक होता, भलता डीएचसीपी सर्व्हर कुठेही नव्हता, आणि स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जोडल्या जातात ती रॅकमधली पेटी, एलएलडीपीवरून (शेजारच्या उपकरणाला माहिती सांगायची पद्धत) प्रत्येक फोनला व्हॉइस व्हीलॅनचा क्रमांक नीट सांगत होता.

फोनच्या दोन्ही सॉकेटच्या केबल चुकून भिंतीतच लावल्यात का, तेही १२ टेबलांखाली वाकून पाहिलं. तसं झालं की नेटवर्कमध्ये फेरा तयार होतो आणि सगळंच डळमळतं. इथे तसं नव्हतं. या तपासणीत एक उणीव मात्र सापडली. असे फेरे टाळायला स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. फोनच्या पोर्टवर, म्हणजे स्विचच्या सॉकेटवर, तिची एज पोर्ट सेटिंग नव्हती. ती नसेल तर पोर्टची लिंक उठल्यावर स्विच १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो आणि मगच रहदारी सोडतो. ती सेटिंग केल्यावर गेलेला फोन अर्धा मिनिट लवकर परत यायला लागला. ऑफिसातल्यांना वाटलं, सुधारणा झाली. फोन जाण्याचं प्रमाण तेवढंच होतं, फक्त परत येणं जरा लवकर.

पीबीएक्सची, म्हणजे ऑफिसच्या टेलिफोन एक्सचेंजची, नोंदवही पाहिली. पीबीएक्स दर मिनिटाला प्रत्येक फोनला एसआयपीचा (फोन आणि एक्सचेंज ज्या भाषेत बोलतात तिचा) एक छोटा संदेश पाठवून तो जागा आहे का ते बघतं. उत्तर आलं नाही की फोन पोचेना अशी नोंद करतं. नोंदी होत्या, पण त्यातून एवढंच कळत होतं की फोन उत्तर देत नाही. का देत नाही, हे पीबीएक्सला कुठून कळणार?

खरी साक्ष स्विचकडे होती आणि ती आम्हीच पुसत होतो. स्विच आपल्या नोंदी तात्पुरत्या मेमरीत ठेवतो. फोन गेले की ऑफिसातला एक मुलगा रॅकपाशी जाऊन स्विचची पिन काढून परत लावायचा. त्याने कधी फरक पडायचा, कधी नाही, पण प्रत्येक वेळी नोंदी मात्र साफ व्हायच्या. उरलेल्या नोंदींवरची वेळही निरुपयोगी होती. स्विचचं घड्याळ कुणी लावलेलंच नव्हतं, त्यामुळे चालू केल्यापासून ते कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजत होतं. फोन दुपारी तीनला गेला आणि नोंदीत १ जानेवारी, पहाटे चार वाजून सात मिनिटं. याचं करायचं काय? तो स्विच बसवताना घड्याळ लावणं हे काम माझं होतं आणि ते मी केलेलं नव्हतं. त्या दिवशी नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी लावलं, नोंदी ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर पाठवण्याची सोय केली आणि त्या मुलाला सांगितलं की आता पिनला हात लावायचा नाही.

रात्रपाळीचे मामा

दहाव्या दिवशी ऑफिस सुटल्यावर रॅकमधल्या केबल नीट लावून त्यांना चिठ्ठ्या चिकटवायला मी मुद्दाम संध्याकाळी गेलो. साडेसात वाजून गेले होते, बाहेर अंधार पडला होता. ऑफिसात बघतो तर तेच चार फोन काळेठिक्कर. बाकीच्या आठांचे स्क्रीन मंद उजळलेले. रात्रपाळीचे वॉचमन मामा दारात उभे होते. त्यांना विचारलं, हे आत्ताच गेले का?

"न्हाई साहेब, त्ये चार रातीला बंदच असत्यात की. मला वाटलं, वीज वाचवाय बंद करून जात्यात."

रोज? रोज. कधीपासून? उन्हाळ्यापासनं, ते कॅमेरे बसवले तवापासनं असावं.

मी लॅपटॉप उघडून स्विचच्या पानावर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्विचचं पीओईचं, म्हणजे नेटवर्क केबलमधून दिल्या जाणाऱ्या विजेचं, पान नीट वाचलं. एकूण क्षमता १८० वॅट. चालू वापर १७८ वॅट. पोर्ट २१, २२, २३, २४ यांच्यापुढे वीज नाकारल्याची खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, लख्ख ऊन असताना, तेच पान उघडलं तर वापर १४६ वॅट आणि चारही फोन चालू.

रात्री ३२ वॅट जास्त, तेही चार फोन बंद असताना. रात्री जास्त वीज कोण खातं?

आयपी फोनला सहसा वेगळा चार्जर लावत नाहीत, वीज त्याच नेटवर्क केबलमधून येते, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. २००३ मध्ये आलेल्या आयईईई ८०२.३एएफ मानकात स्विचच्या एका पोर्टने जास्तीत जास्त १५.४ वॅट द्यायचे असं ठरलं. केबलमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून पलीकडच्या उपकरणाने १२.९५ वॅटपर्यंतच मागायचं. पण हा झाला एका पोर्टचा हिशेब. स्विचच्या पोटातला पॉवर सप्लाय सगळ्या पोर्टना मिळून एकच असतो, त्याची एकूण मर्यादा वेगळी असते आणि ती खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेली नसते. खोक्यावर असतं '२४ पोर्ट पीओई'. २४ पोर्टना प्रत्येकी १५.४ वॅट द्यायचे तर ३६९.६ वॅट लागतात. या स्विचकडे होते १८०.

हा स्विच एप्रिलमध्ये जुन्याच्या जागी बसला, तोही कॅमेरे बसवायचे होते म्हणूनच. पोर्ट १ ते ९ कॅमेऱ्यांना, १० ते १२ वायफायच्या तीन अॅक्सेस पॉइंटना आणि १३ ते २४ फोनना. फोन साधारण साडेपाच वॅट घेतो, १२ फोनचे ६६. अॅक्सेस पॉइंट प्रत्येकी १०, म्हणजे ३०. कॅमेरा दिवसा साडेपाच वॅटच्या आसपास, नऊ कॅमेऱ्यांचे ५० धरू. बेरीज १४६. रात्री मात्र कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा साडेअकरा वॅटवर जातो. नऊ कॅमेऱ्यांचे १०४ आणि एकूण मागणी २००. क्षमता १८०. वीस वॅट कमी पडतात, म्हणजे चार फोन.

चार फोन कोणते, हे स्विचच्या नियमाने ठरतं. सगळ्या पोर्टचा अग्रक्रम सारखा असेल तर या स्विचमध्ये मोठ्या क्रमांकाच्या पोर्टची वीज आधी तोडली जाते. २४ पहिला, मग २३. अकाउंट्स आणि डिस्पॅच रांगेत शेवटी होते.

इन्सुलेशन टेप

कागदावर हिशेब जुळला, पण दिवसा ढवळ्या तो खरा करून दाखवल्याशिवाय मी मालकांपुढे जाणार नव्हतो. कॅमेऱ्याच्या तोंडावर लेन्सशेजारी उजेड मोजणारा एक बारीक डोळा असतो. त्याला अंधार दिसला की कॅमेरा रात्रीच्या स्थितीत जातो. मी इन्सुलेशन टेपचं काळं रीळ आणि शिडी घेऊन गेटपाशी गेलो. मामा दिवसपाळीला नव्हते, म्हणून शिडी धरायला तो पिन काढणारा मुलगा आला. अकाउंट्समधले काका लॅपटॉपपुढे बसून आकडा वाचत होते आणि मोबाईलवरून मला सांगत होते.

पहिल्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टेप लावली. चार-पाच सेकंद काही नाही. मग आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकल्याचा तो आवाज. लेन्सभोवतीचे दिवे अंधूक लाल झाले. काका म्हणाले, "एकशे बावन्न." दुसरा, "एकशे अठ्ठावन्न." तिसरा, चौथा, पाचवा. "एकशे शहात्तर." सहाव्याला टेप लावली, टक् झालं, आणि काकांचा आवाज आला नाही. मग म्हणाले, "आकडा एकशे शहात्तरच आहे की. पण थांबा... अहो, माझा फोन गेला!"

आकडा वाढला नाही, कारण १८२ होताच स्विचने २४ नंबरचा पोर्ट तोडला होता. मिनिटभराने काकांचा फोन पुन्हा जागा व्हायला लागला, त्याच्यावर पत्ता मिळवत असल्याचा संदेश आला आणि तो पुन्हा गेला. साडेतीन वॅट शिल्लक दिसले की स्विच तुटलेल्या पोर्टला परत वीज देऊन बघतो. फोन सुरुवातीला थोडीच वीज घेतो. स्क्रीन पूर्ण उजळून कॉम्प्युटरची लिंक उठली की साडेपाचाकडे जातो आणि मर्यादा पुन्हा ओलांडली जाते. मी जे दोनदा पाहून डीएचसीपीच्या मागे लागलो होतो, ते हे होतं. फोन पत्ता मागत होता, कारण तो नुकताच विजेअभावी मेला होता.

सगळ्या नऊ कॅमेऱ्यांना टेप लावल्यावर चार फोन गेले आणि गेलेलेच राहिले. शिल्लक दोन वॅटांत एकही उठू शकत नव्हता.

आता ताईंचं वाक्य शब्दाला शब्द उलगडलं. पावसाळ्यातल्या दुपारी शिरोलीत आभाळ असं भरून येतं की ऑफिसात ट्यूब लावावी लागते. शॉपच्या पत्र्याखालचे आणि झाडाजवळचे कॅमेरे आधी रात्रीच्या स्थितीत जातात, मोकळ्या गेटवरचे उशिरा. म्हणून फोन एकेक करून जायचे, आणि ढग किती दाट त्यावर किती जाणार ते ठरायचं. पाऊस कोसळून आभाळ जरा उजळलं की फोन परत. एप्रिल-मेमध्ये हे रोज संध्याकाळी सातनंतर घडत होतं, पण ऑफिस सहाला सुटायचं. बघायला होते फक्त मामा, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

स्विच विजेची वाटणी कशी करतो, याचाही यात मोठा हात आहे. उपकरण जोडलं की स्विच आधी अगदी कमी व्होल्टेजने चाचपून पाहतो. पलीकडे २५ किलोओहमच्या आसपासचा रोध सापडला तर हे वीज घेणारं उपकरण आहे असं समजतो, मग त्याचा वर्ग, म्हणजे ते किती वॅटच्या गटातलं आहे, विचारतो आणि नंतरच पूर्ण व्होल्टेज सोडतो. आमचे फोन वर्ग २ मधले, त्यांच्यासाठी ७ वॅट राखायचे. कॅमेरे आणि अॅक्सेस पॉइंट वर्ग ३ मधले, प्रत्येकी १५.४. वर्गाप्रमाणे राखून ठेवायचं म्हटलं तर ८४ आणि १८४.८ मिळून २६८.८ वॅट होतात. स्विच त्या पद्धतीवर असता तर एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी शेवटचे पोर्ट चालूच झाले नसते आणि तिथल्या तिथे चूक पकडली गेली असती. पण तो प्रत्यक्ष वापराप्रमाणे वाटणी करण्यावर ठेवला होता. त्या उन्हात १४६ दिसत होते, सगळे पोर्ट हिरवे होते आणि कॅमेरेवाले व मी दोघेही समाधानाने घरी गेलो.

काय केलं

पोर्टचे अग्रक्रम बदलणं पाच मिनिटांचं काम होतं. ते मालकांसमोर ठेवलं, पण हेही सांगितलं की यात वीज वाढत नाही, फक्त बळी बदलतो. फोन वर घेतले तर रात्री दोन कॅमेरे बंद पडतील. कुठले दोन चालतील? ते म्हणाले, एकही नाही. त्यांचं उत्तर योग्य होतं. नवं सामान येईपर्यंतच्या पाच दिवसांसाठी आम्ही कॅन्टीनमागचे दोन कॅमेरे खालच्या अग्रक्रमावर टाकले आणि मामांना त्या बाजूची एक फेरी जास्त मारायला सांगितली.

मग कॅमेऱ्यांसाठी १५० वॅटचा, १६ पोर्टचा वेगळा पीओई स्विच घेतला. या वेळी हिशेब वर्गाचा धरला: नऊ कॅमेरे गुणिले १५.४, म्हणजे १३८.६. त्याला वेगळा यूपीएस दिला. जुन्या स्विचवर १२ फोन आणि ३ अॅक्सेस पॉइंट उरले. वापर ९६ वॅट, दिवसा आणि रात्रीही.

तीन फोन पक्के बरे झाले. चौथा, पोर्ट २२ वरचा, तरीही अधूनमधून तुटत राहिला.

या वेळी मी आधी एकच प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: फोन जातो तेव्हा स्क्रीन काळा होतो का? काळा होत असेल तर वीज बघायची. स्क्रीन चालू आणि नेटवर्क नसल्याची खूण असेल तर केबल, पोर्ट किंवा व्हीलॅन. नेटवर्क आहे आणि नुसती नोंदणी गेलीय, तर पीबीएक्स. डिस्पॅचचा मुलगा म्हणाला, "न्हाई, उजेड असतोय, वरचं चिन्ह तेवढं जातंय." म्हणजे हे दुखणं निराळं. पोर्टची गती बघितली तर इतर सगळे गिगाबिटवर आणि हा १०० मेगाबिटवर, शिवाय चुकीच्या फ्रेमचा, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या माहितीच्या तुकड्यांचा, आकडा चढत चाललेला. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणजे एखादी जोडी तुटलेली.

भिंतीतलं सॉकेट उघडलं. तपकिरी जोडीतली एक तार पंच केलेल्या जागी तुटली होती, नारिंगीतली एक नुसती टेकलेली होती. कटरच्या पात्याने तार खरवडली तर तांबूस रंगाखालून पांढरा धातू निघाला. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पहिल्या आठवड्यात ओल लागलेली म्हणून बदललेली हीच ती केबल. काढलेली जुनी केबल शुद्ध तांब्याची आणि धड होती, ओल फक्त पट्टीत होती. मुलाम्याची केबल स्वस्त आणि हलकी असते, वाकवली की मोडते, तिचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो आणि नेटवर्क केबलिंगच्या मानकांत ती बसतच नाही. इलेक्ट्रिशियनला दोष देता येणार नाही. दुकानात तिच्यावरही कॅट ६ असाच नेटवर्क केबलचा दर्जा छापलेला असतो. तांब्याची केबल ओढली, पोर्ट गिगाबिटवर आला आणि चुकीच्या फ्रेमचा आकडा थांबला.

दोन्ही स्विचच्या रॅकच्या दाराला आता एकेक कागद चिकटवलेला आहे. वर एकूण क्षमता, खाली प्रत्येक पोर्टचं उपकरण, त्याचा वर्ग, राखलेले वॅट आणि तळाशी शिल्लक. नवीन काही लावायचं तर आधी कागदावर ओळ लिहायची.

ऑगस्टमध्ये मालकांनी भंगाराच्या बाजूला दहावा कॅमेरा लावायला सांगितलं. कागदावर बेरीज १५४ होत होती, क्षमता १५०. ते म्हणाले, रात्रीचा वापर तर एकशे पंधरापर्यंतच जाईल, बसेल की. वापराच्या हिशेबाने खरंच बसत होता. एप्रिलमध्येही तसाच बसला होता. दहाव्या कॅमेऱ्याला आम्ही वेगळा इंजेक्टर (एकाच केबलमध्ये वीज सोडणारी छोटी पेटी) लावला आणि कागदावर त्याच्यापुढे लिहिलं: स्विचवरून वीज नाही.